नवे स्विच घेण्यापूर्वी: कारखान्यातल्या इथरनेट नेटवर्कचा फॉल्ट कसा शोधावा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. गोव्यातल्या वेर्णा औद्योगिक वसाहतीतल्या तुमच्या कारखान्यात पेयाच्या बाटल्या भरणाऱ्या लाईनवर ३ पीएलसी (यंत्रे चालवणारे नियंत्रक), १८ ड्राइव्ह (मोटरचा वेग सांभाळणारी उपकरणे), ६ रिमोट आय-ओ (सेन्सर व व्हॉल्व्ह जोडायची स्टेशने), ४ एचएमआय (चालकाचे पडदे) आणि सगळ्या लाईनवर देखरेख ठेवणारा एक स्काडा संगणक आहे. ही सर्व उपकरणे इथरनेट-आयपी या औद्योगिक प्रोटोकॉलवर १० मिलिसेकंदांच्या अंतराने बोलतात आणि साध्या अनमॅनेज्ड (सेटिंग किंवा नोंदी नसलेल्या) स्विचांवर जोडलेली आहेत. पॅकिंगची शेड मुख्य इमारतीपासून सुमारे ७० मीटरवर असून तीही तांब्याच्याच केबलने जोडली आहे. पावसाळा लागल्यापासून आठवड्यातून दोन-तीनदा लाईन ‘कम्युनिकेशन फॉल्ट’ दाखवून थांबते, रीसेट दिला की चालू होते, आणि दर वेळी एकच ड्राइव्ह दोषी दिसतो असेही नाही. एक विक्रेता सगळे स्विच गिगाबिटचे करा म्हणतो, दुसरा सगळीकडे फायबर टाका म्हणतो, आणि वरिष्ठांना त्याच खर्चात उत्पादनाचे आकडे कार्यालयाच्या ईआरपीत (कारभाराच्या संगणक प्रणालीत) पोचायला हवे आहेत. यातले काय विकत घ्यावे, असे तुम्ही विचारले आहे.

माझे मत आधीच सांगून टाकतो. आत्ता घाऊक काहीच घेऊ नका. एकच चांगला मॅनेज्ड (सेटिंग करता येणारा आणि नोंदी ठेवणारा) स्विच घ्या आणि तो मुख्य पॅनलमध्ये साक्षीदार म्हणून बसवा. तुमच्या नेटवर्कमध्ये आज असे एकही उपकरण नाही, की जे फॉल्टच्या क्षणी नेमके काय घडले याची नोंद ठेवते. अनमॅनेज्ड स्विच खराब झालेली फ्रेम (माहितीचे एक पाकीट) मुकाट्याने टाकून देतो आणि त्याबद्दल कोणालाच काही कळवत नाही. अशा स्थितीत गिगाबिट की फायबर हा वाद म्हणजे निव्वळ अंदाज होतो, आणि तोही माल विकणाऱ्याचा.

मी तुमचा कारखाना पाहिलेला नाही, त्यामुळे काही गोष्टी जागेवरच ठरतील. ड्राइव्हपासून मोटरपर्यंतच्या केबली कोणत्या ट्रेमधून जातात, शेडचे अर्थिंग मुख्य इमारतीच्या अर्थिंगशी जोडलेले आहे का, स्विचांना २४ व्होल्ट कोणत्या पॉवर सप्लायमधून मिळतात आणि लाईन धुताना पाणी कुठवर उडते, या चार प्रश्नांच्या उत्तरांवर पुढचे बरेचसे अवलंबून आहे.

आधी वेगाचा मुद्दा निकालात काढू, कारण तुमच्या वरिष्ठांना तोच पटवून द्यावा लागेल. १८ ड्राइव्ह आणि ६ आय-ओ मिळून २४ उपकरणे होतात. प्रत्येक उपकरण दर १० मिलिसेकंदांनी एक फ्रेम पाठवते आणि एक घेते, म्हणजे दोन्ही दिशा धरून सेकंदाला ४,८०० फ्रेम. एक फ्रेम सर्व ओझ्यासह १२० बाइटची मानली तर ही वाहतूक सेकंदाला सुमारे ४.६ मेगाबिट भरते. ती सगळी एकाच १०० मेगाबिटच्या पोर्टमधून गेली असे गृहीत धरले तरी त्याचा पाच टक्केही वापर होत नाही, आणि प्रत्यक्षात ती तीन पीएलसींमध्ये आणि दोन दिशांत वाटली जाते. अशा पोर्टवरून सर्वांत मोठी, १,५१८ बाइटची फ्रेम जायलासुद्धा साधारण १२३ मायक्रोसेकंद पुरतात. तेव्हा रस्ता अरुंद पडतो म्हणून लाईन थांबते, हे तुमच्या बाबतीत गणितात बसत नाही. दृष्टीतपासणीचे कॅमेरे असते तर गोष्ट वेगळी होती. १,२८० बाय १,०२४ पिक्सेलचा एक कृष्णधवल कॅमेरा सेकंदाला ३० चित्रे पाठवू लागला की ३०० मेगाबिटच्या वर जातो, आणि तिथे गिगाबिटला पर्याय नसतो. तसा कॅमेरा पुढे बसवायचा विचार असेल तर त्याची वाहतूक पहिल्या दिवसापासून वेगळी ठेवा.

मग फॉल्ट येतो म्हणजे नेमके काय होते? कार्यालयातल्या नेटवर्कवर एखादे पॅकेट हरवले तर ते पुन्हा पाठवले जाते आणि माणसाला पत्ताही लागत नाही. ड्राइव्ह आणि पीएलसी यांच्यातल्या चक्रीय संवादात पुन्हा पाठवण्याची सोयच नाही. पुढची फ्रेम लगेच येणार असते, म्हणून हरवलेली सोडून दिली जाते. मात्र ठरावीक मुदतीत एकही फ्रेम आली नाही, तर समोरचा गेला असे समजून कनेक्शन तोडले जाते. इथरनेट-आयपीत ही मुदत म्हणजे फ्रेमचे अंतर गुणिले एक गुणक. तो किमान ४ असतो, म्हणजे १० मिलिसेकंदांच्या अंतराला ४० मिलिसेकंद. काही कंट्रोलर स्वतःच मोठा गुणक घेऊन ही मुदत १०० मिलिसेकंदांच्या आसपास नेतात. प्रोफिनेट या दुसऱ्या औद्योगिक प्रोटोकॉलवर मूळ सेटिंग सहसा तीन चक्रांचे असते, म्हणजे २ मिलिसेकंदांच्या चक्राला अवघे ६ मिलिसेकंद. तुमची लाईन थांबते याचा अर्थ एवढाच, की कोणत्या तरी एका उपकरणाच्या सलग काही फ्रेम पोचल्या नाहीत. सरासरी वेग कितीही चांगला असला तरी त्या एका क्षणाला तो उपयोगी पडत नाही.

सलग फ्रेम न पोचण्याची कारणे माझ्या अनुभवात बहुतेक वेळा तीन गटांत मोडतात. केबल किंवा कनेक्टर फ्रेम खराब करतो. स्विच किंवा उपकरणाची वीज क्षणभर जाते. किंवा नेटवर्कवर नको असलेले कोणीतरी बोलू लागते. तिन्हींची लक्षणे एचएमआयच्या पडद्यावर सारखीच दिसतात, आणि घोळ तिथेच होतो.

म्हणून पहिले काम वायरिंगचे नाही, नोंदीचे आहे. तुम्ही म्हणता, दर वेळी वेगळा ड्राइव्ह दोषी दिसतो. पण एचएमआयच्या अलार्म यादीतला पहिला अलार्म हा खरोखर पहिला असेलच असे नाही. एचएमआय पीएलसीकडून ठरावीक वेळाने माहिती वाचतो, आणि तेवढ्यात दहा उपकरणे पडली असतील तर त्यांचा क्रम त्याला कळत नाही. पीएलसीतच एक छोटी लॉजिक लिहा: प्रत्येक उपकरणाच्या कनेक्शनची स्थिती प्रत्येक स्कॅनला, म्हणजे प्रोग्रॅमच्या प्रत्येक फेरीला, तपासायची आणि जे सर्वप्रथम तुटेल त्याचा क्रमांक व वेळ लॅच करून (पुसली जाणार नाही अशी पकडून) ठेवायची. तिन्ही पीएलसी, स्काडा आणि नव्या स्विचची घड्याळे एकाच वेळेवर आणा, नाहीतर नोंदी जुळवता येणार नाहीत. शिफ्टच्या वहीत फॉल्टच्या वेळेपुढे त्या मिनिटात आणखी काय चालू किंवा बंद झाले तेही लिहायला सांगा: कॉम्प्रेसर, बाटल्या धुण्याचे यंत्र, चिलरचा पंप, वीज लुकलुकणे, पावसाची सर. चार-पाच फॉल्टच्या अशा नोंदी झाल्या की आकार दिसू लागतो. एकाच स्विचवरची सगळी उपकरणे एकदम पडत असतील तर त्या स्विचची वीज किंवा त्याची वर जाणारी केबल पाहायची. एकच उपकरण पडत असेल तर त्याची केबल. सगळ्या कारखान्यातली उपकरणे विस्कळीतपणे पडत असतील तर नेटवर्कवरचा गोंधळ.

मॅनेज्ड स्विचवर प्रत्येक पोर्टचे आकडे दिसतात. त्यांतले तीन रोज वहीत उतरवा: सीआरसी त्रुटी (वाटेत बिघडलेल्या फ्रेम), लिंक किती वेळा पडली, आणि ब्रॉडकास्ट (सर्वांसाठीच्या) व मल्टिकास्ट (एका गटासाठीच्या) फ्रेमची संख्या. सीआरसीचा आकडा शून्य असावा आणि शून्यच राहावा. फार थोड्या आहेत, चालायच्याच, असे कोणी म्हणाले तर ऐकू नका. चांगल्या केबलवर त्या वाढतच नाहीत. एखाद्या पोर्टवर त्या रोज थोड्या थोड्या वाढत असतील तर शोध जवळजवळ संपला. एखाद्या पोर्टवर सीआरसी त्रुटी आणि दुसऱ्या टोकाला उशिरा झालेल्या टकरी (लेट कोलिजन) अशी जोडी दिसली, तर केबल उपटण्याआधी डुप्लेक्सचे सेटिंग तपासा, म्हणजे दोन्ही दिशांना एकाच वेळी बोलायचे (फुल) की आळीपाळीने (हाफ). एका टोकाला कोणीतरी १०० मेगाबिट फुल डुप्लेक्स पक्के बसवले आणि दुसरे टोक ऑटोवर राहिले, तर ऑटोवाले टोक हाफ डुप्लेक्स धरते, आणि भार वाढला की फ्रेम मरू लागतात. दोन्ही टोके ऑटो किंवा दोन्ही पक्की, एवढाच नियम आहे.

आता केबलीकडे येतो. पावसाळ्यापासून त्रास सुरू झाला, हा तुमच्या प्रश्नातला मला सर्वांत मोलाचा वाटणारा तपशील आहे. कार्यालयात वापरतात तो पारदर्शक प्लास्टिकचा आरजे-४५ कनेक्टर आपल्या किनारपट्टीच्या हवेसाठी केलेला नाही. ज्या पॅनलचे दार पंख्याच्या हवेसाठी उघडे ठेवलेले असते, त्या पॅनलमधला असा एखादा कनेक्टर काढून भिंगाखाली पाहा. आठ सोनेरी पट्ट्यांपैकी एक-दोन काळपट झालेल्या किंवा कडेला हिरवट थर धरलेला आढळेल, आणि बऱ्याचदा मागची खिट्टी तुटलेली असते, त्यामुळे कनेक्टर नुसता अडकून बसलेला असतो. जवळचा कन्व्हेयर चालू झाला की तो किंचित हलतो आणि क्षणभर संपर्क जातो. एवढ्याने स्विचवरचा दिवा विझलेला माणसाला दिसणारही नाही, पण ४० मिलिसेकंदांच्या मुदतीला ते पुरते. धुण्याच्या आणि हादऱ्यांच्या जागी एम-१२ कनेक्टर लावा. १०० मेगाबिटला डी-कोडचा चार पिनांचा आणि गिगाबिटला एक्स-कोडचा आठ पिनांचा येतो. पॅनलच्या आत धातूच्या आवरणाचा औद्योगिक आरजे-४५ चालतो.

केबलच्या बाबतीत एक सूचना आग्रहाने करतो. बाजारात स्वस्तात मिळणाऱ्या पुष्कळ केबलींत तार ॲल्युमिनियमची असते आणि तिच्यावर फक्त तांब्याचा मुलामा असतो. प्रमाणित केबलला तांबेच लागते. खोक्यावर काहीही छापलेले असो, तारेचे टोक ब्लेडने खरवडून पाहा. आत पांढरी चकाकी दिसली तर तो गुंडाळा परत करा. अशी तार दोन-चार वेळा वाकवली की तुटते, तिचा रोध जास्त असतो आणि दमट हवेत तिचे टोक लवकर खराब होते. हलत्या भागांवर, म्हणजे केबल चेनमध्ये, सततच्या वाकण्यासाठी बनवलेली केबलच वापरावी. घन तारेची केबल तिथे काही महिन्यांत आतून तुटते आणि बाहेरून अगदी नवी दिसते.

दुसरा मोठा दोषी म्हणजे ड्राइव्ह. ड्राइव्हपासून मोटरकडे जाणाऱ्या केबलमध्ये व्होल्टेज फार वेगाने वरखाली होते, आणि त्यातून निघणारा गोंगाट शेजारच्या डेटा केबलमध्ये शिरतो. फोंडा तालुक्यातल्या एका कारखान्यात मी पाहिलेले प्रकरण सांगतो. तिथे आय-ओचे एक स्टेशन दुपारीच पडायचे, आणि सगळे जण उष्णतेला दोष देत होते. पोर्टचे आकडे लावून पाहिले तेव्हा कूलिंग टॉवरच्या पंपाचा ड्राइव्ह चालू असतानाच सीआरसी त्रुटी वाढत असल्याचे दिसले, आणि तो पंप दुपारीच चालायचा. ट्रे उघडल्यावर मोटर केबल आणि डेटा केबल एकाच टायने बांधलेल्या निघाल्या. मोटर केबलचे शील्ड (तारांभोवतीचे धातूचे आवरण) ड्राइव्हच्या बाजूला ग्लँडपाशी, म्हणजे केबल आत शिरते तिथे, कापून, पिळून, एका लांब हिरव्या तारेने अर्थला नेलेले होते. शील्ड ड्राइव्हच्या प्लेटवर क्लॅम्पखाली पूर्ण घेराने दाबले, डेटा केबल दुसऱ्या ट्रेमध्ये हलवली आणि त्रुटी थांबल्या. एकही स्विच बदलावा लागला नाही.

त्यावरून निघणारे नियम साधे आहेत. मोटर केबलचे शील्ड दोन्ही टोकांना पूर्ण घेराने बांधायचे. डेटा केबल तिच्यापासून निदान २०० ते ३०० मिलिमीटर दूर ठेवायची आणि ओलांडावीच लागली तर काटकोनात ओलांडायची. डेटा केबलच्या स्वतःच्या शील्डबाबत मात्र दोन प्रथा आहेत. प्रोफिनेटच्या मार्गदर्शनात दोन्ही टोके अर्थला आणि सोबत समविभव जोडणी (दोन्हीकडचे अर्थ एकमेकांना जोडणे) असा आग्रह असतो, तर इथरनेट-आयपीच्या बाजूला बऱ्याच ठिकाणी स्विचच्या टोकालाच थेट अर्थ करायला सांगतात. तुमच्या उपकरणाच्या पुस्तिकेत जे असेल ते सगळीकडे सारखे पाळा. शील्ड मध्येच कापून लोंबकळत ठेवणे दोन्ही प्रथांत बसत नाही.

पॅकिंग शेडच्या ७० मीटरच्या केबलबद्दल दुसऱ्या विक्रेत्याचे म्हणणे खरे आहे, फक्त त्याने दिलेले कारण तुम्ही लिहिलेले नाही. १०० मीटरच्या मर्यादेत ती बसते, त्यामुळे लांबी ही अडचण नाही. अडचण अर्थिंगची आहे. दोन इमारतींचे अर्थ पिट वेगळे असतात, आणि जांभ्याच्या पठारावर त्यांचा रोध ऋतूप्रमाणे बराच बदलतो. दोन अर्थांमध्ये विभवांतर असले की शील्डमधून प्रवाह वाहू लागतो, आणि जवळपास वीज पडली तर तोच मार्ग दोन्हीकडचे पोर्ट जाळून टाकतो. मे-जूनमध्ये आणि परतीच्या पावसात पोर्ट जळाल्याच्या तक्रारी का वाढतात, हे आपल्याकडच्या मेंटेनन्सवाल्यांना वेगळे सांगायला नको. तेव्हा ही एक ओळ फायबरची करा, बाकीच्यांना हात लावू नका. मल्टिमोड फायबरवर १०० मेगाबिट २ किलोमीटरपर्यंत जाते, त्यामुळे तुमच्या अंतराला ते भरपूर आहे. फायबरच्या केबलमध्ये धातूचे चिलखत नसेल असे पाहा, नाहीतर अर्थचा प्रश्न मागच्या दाराने परत येतो. शक्यतो फायबर थेट स्विचच्या पोर्टमध्ये घाला. मीडिया कन्व्हर्टर (फायबर आणि तांबे यांना जोडणारा डबा) वापरलाच तर फायबर तुटल्यावर तांब्याच्या बाजूची लिंकही खाली येते याची खात्री करून घ्या. काही स्वस्त कन्व्हर्टरमध्ये फायबर तुटूनही स्विचवरचा दिवा हिरवाच राहतो आणि शोधणारा माणूस भलतीकडे भटकतो.

विजेबद्दल थोडक्यात. ज्या २४ व्होल्टवर सोलेनॉइड व्हॉल्व्ह आणि ब्रेक आहेत त्याच सप्लायवर स्विच असेल, तर एका वेळी बरेच व्हॉल्व्ह उठताना व्होल्टेज क्षणभर खाली जाते आणि स्विच रीस्टार्ट होतो. ॲडॉप्टरवर चालणारा घरगुती स्विच पॅनलमध्ये असेल तर तो आजच काढा. स्विचला स्वतंत्र सप्लाय द्या, आणि दोन वीज-इनपुट असलेला स्विच घ्या.

इथपर्यंतचा भाग सोडवला की माझ्या अंदाजाने तुमचे बहुतेक फॉल्ट थांबतील. तरीही तिसरा गट तपासायला हवा, कारण तो पावसाशी संबंध नसताना कधीही डोके वर काढतो.

नको असलेल्यांच्या यादीत पहिला मान दुहेरी आयपी पत्त्याचा. बहुसंख्य लोक कारखान्यातही १९२.१६८.१ चीच मालिका वापरतात, आणि घरगुती राउटर, सीसीटीव्हीचे रेकॉर्डर, बाहेरून आलेल्या तंत्रज्ञांचे लॅपटॉप हेही त्याच मालिकेत येतात. रेकॉर्डरने एखाद्या ड्राइव्हचा पत्ता घेतला तर तो ड्राइव्ह कधी सापडतो, कधी नाही, आणि वेळ अगदी योगायोगाची वाटते. पत्त्यांची एक वही ठेवा, त्यात प्रत्येक उपकरणाचा पत्ता, पॅनल आणि पोर्ट लिहा, पाहुण्यांच्या लॅपटॉपसाठी दोन-तीन पत्ते राखून ठेवा आणि ते पॅनलच्या दारावर चिकटवा. हे काम कंटाळवाणे आहे आणि मी पाहिलेल्या बहुतेक कारखान्यांत ते अर्धवटच झालेले असते.

दुसरा मुद्दा मल्टिकास्टचा. इथरनेट-आयपीतली काही उपकरणे, विशेषतः जुनी, आपली माहिती मल्टिकास्टने पाठवतात, आणि अनमॅनेज्ड स्विच ती प्रत्येक पोर्टवर ओततो. तुमच्या २४ उपकरणांनी तसे केले तर सेकंदाला २,४०० फ्रेम प्रत्येक एचएमआय, प्रत्येक बारकोड वाचक आणि प्रत्येक प्रिंटरच्या दारात जाऊन पडतील. संगणकाला त्याचे काही वाटत नाही, पण छोट्या प्रोसेसरचे उपकरण त्यात गुदमरते. उपाय दोन आहेत. उपकरण परवानगी देत असेल तर कनेक्शन युनिकास्ट (एकालाच पाठवणारे) करा. ते सर्वांत सोपे. नसेल तर मॅनेज्ड स्विचवर आयजीएमपी स्नूपिंग (मल्टिकास्ट ज्यांनी मागितले त्याच पोर्टांवर पाठवणे) चालू करा, पण त्यासोबत एका स्विचला क्वेरिअर (गटाचे सदस्य कोण ते पुन्हा पुन्हा विचारणारा) नेमायला विसरू नका. स्नूपिंग आहे आणि क्वेरिअर नाही, अशी स्थिती फार फसवी असते: सदस्यत्वाची मूळ मुदत २६० सेकंदांची असल्यामुळे सगळे चार मिनिटे उत्तम चालते, कमिशनिंगवाला समाधानाने लॅपटॉप बंद करतो, आणि मग कनेक्शने पडू लागतात किंवा मल्टिकास्ट पुन्हा सगळीकडे ओतले जाते. कोणते होईल ते स्विचच्या सेटिंगवर अवलंबून असते.

लूपचा उल्लेख केवळ पूर्णतेसाठी. कोणी मोकळ्या केबलची दोन्ही टोके स्विचांत घातली तर ब्रॉडकास्टचे वादळ उठते आणि सगळे बंद पडते. पण ते रीसेटने सुटत नाही, त्यामुळे तुमच्या लक्षणांशी जुळत नाही.

तुम्ही जाता जाता विचारले आहे, की प्रोटोकॉलच बदलावा का, आणि रिंग (केबल तुटली तरी दुसरी वाट उरावी म्हणून केलेली गोलाकार जोडणी) करावी का. प्रोटोकॉल बदलू नका. तुमचे पीएलसी ज्या प्रोटोकॉलला जन्मतः धरून आहेत तोच तुमच्यासाठी योग्य. इथरकॅट या प्रोटोकॉलची तारीफ खरी आहे, अनेक अक्षांच्या तालबद्ध हालचालीला ते उत्तम. पण त्याला स्वतःचे स्वतंत्र जाळे लागते आणि मध्ये साधे स्विच टाकून इतर वाहतुकीत मिसळता येत नाही. १९७९ साली मॉडिकॉनने आणलेल्या मॉडबसचे टीसीपी रूप ऊर्जामीटर वाचायला आजही पुरेसे आहे. सेकंदाला एकदा वाचायचे असेल तर त्याहून अवघड काही कशाला हवे?

रिंगबाबत मात्र थोडा विचार करावा लागतो. केबल तुटल्यावर रिंग किती वेळात सावरते हे तुमच्या मुदतीशी ताडून पाहा. प्रोफिनेटच्या जगातली एमआरपी रिंग ५० उपकरणांपर्यंत २०० मिलिसेकंदांत सावरते. तुमची मुदत ४० किंवा १०० मिलिसेकंदांची असेल, तर अशी रिंग असूनही लाईन एकदा थांबणारच. फायदा एवढाच, की ती लगेच पुन्हा चालू करता येते. इथरनेट-आयपीतली डीएलआर रिंग सुमारे ३ मिलिसेकंदांत सावरते, म्हणजे लाईनला कळतही नाही, पण त्यासाठी रिंगमधली उपकरणे ती ओळखणारी हवीत. तुमच्या ड्राइव्हांना दोन पोर्ट असतील आणि ते एकातून दुसऱ्यात साखळीने जोडले असतील, तर एक गोष्ट आजच तपासा: मधल्या ड्राइव्हची वीज दुरुस्तीसाठी बंद केली की त्याच्या पुढचे सगळे पडतात. १८ ड्राइव्हांच्या कारखान्यात मी साधारणपणे प्रत्येक पॅनलला एक स्विच आणि तिथून प्रत्येक उपकरणाला वेगळी केबल अशीच रचना ठेवतो. केबल थोडी जास्त लागते, पण फॉल्ट शोधणारा रात्रीच्या शिफ्टचा माणूस एक केबल काढून एक उपकरण वेगळे करू शकतो.

ईआरपीचे काम फॉल्टच्या कामाशी जोडू नका, हे वरिष्ठांना स्पष्टपणे सांगा. कार्यालयाची केबल आणून लाईनच्या स्विचमध्ये घातली की आकडे त्या दिवशी मिळतील, आणि त्यासोबत कार्यालयातला प्रत्येक लॅपटॉप तुमच्या ड्राइव्हांच्या शेजारी येऊन बसेल. मॉडबस टीसीपीत ओळख पटवण्याची सोयच नाही. जो ५०२ क्रमांकाच्या पोर्टपर्यंत पोचतो तो लिहूही शकतो. इथरनेट-आयपीच्या ४४८१८ क्रमांकाच्या पोर्टबाबतही सामान्य उपकरणांत फार वेगळी परिस्थिती नाही. आयईसी ६२४४३ या मानकात नेटवर्कचे विभाग पाडून त्यांच्यामध्ये मोजकेच, नियंत्रित मार्ग ठेवायला सांगितले आहे. तुमच्या आकाराच्या कारखान्यात त्याचा व्यवहारातला अर्थ असा: लाईनचे नेटवर्क आणि कार्यालयाचे नेटवर्क यांच्या पत्त्यांच्या मालिका वेगळ्या, मध्ये एक फायरवॉल, आणि आकडे पाठवण्याची सुरुवात नेहमी आतून. स्काडा किंवा त्याच्या शेजारचा एक छोटा संगणक दर मिनिटाला उत्पादनाचे आकडे बाहेर ढकलेल. बाहेरून आत कनेक्शन उघडायची परवानगी कोणालाच नाही. स्काडा संगणकात दोन नेटवर्क कार्ड घालून काम भागवणारेही आहेत. छोट्या ठिकाणी ते चालून जाते, पण मग त्या संगणकावर ईमेल आणि ब्राउझर अजिबात नको, आणि दोन कार्डांमध्ये ब्रिज केलेला नाही हे स्वतः पाहा. यंत्रपुरवठादाराने दूरस्थ सेवेसाठी पॅनलमध्ये ठेवलेला ४-जी मॉडेमही या हिशेबात धरा; त्याची वीज एका किल्लीच्या स्विचवर घ्या आणि काम असेल तेव्हाच चालू करा. याउपर पेनड्राइव्ह उरतोच. इराणमधल्या नातान्झ अणुकेंद्राच्या सेंट्रिफ्यूजना लक्ष्य करणारा आणि २०१० मध्ये उघडकीस आलेला स्टक्सनेट हा संगणकी विषाणू पेनड्राइव्हमधूनही पसरत असे, त्यामुळे केबल वेगळी केली म्हणजे काम संपले असे होत नाही.

वाय-फाय सुपरवायझरच्या टॅब्लेटसाठी वापरा. स्टेनलेस स्टीलच्या टाक्यांमधून आणि ये-जा करणाऱ्या फोर्कलिफ्टमधून ड्राइव्हचा चक्रीय संवाद त्यावर सोपवू नका.

कामाचा क्रम असा ठेवा. या आठवड्यात पीएलसीतली पहिल्या फॉल्टची नोंद आणि पत्त्यांची वही. मॅनेज्ड स्विच आला की तो मुख्य पॅनलमध्ये, जिथे सगळ्या शाखा एकत्र येतात तिथे बसवा. त्याला मिरर पोर्ट (दुसऱ्या पोर्टवरच्या फ्रेमची नक्कल देणारा), २४ व्होल्टचे दोन इनपुट आणि दमट हवेसाठी सर्किटवर संरक्षक लेप असावा. चतुर्थीच्या सुट्टीत लाईन बंद असेलच, तेव्हा शेडचे फायबर, मोटर केबलींचे शील्ड आणि खराब कनेक्टर उरकून घ्या. स्विचची सेटिंग फाईल स्काडा संगणकावर आणि बाहेर अशा दोन ठिकाणी ठेवा.

एवढे करूनही फॉल्ट आला, तर मिरर पोर्टला एक जुना लॅपटॉप जोडून त्यावर वायरशार्क हे फ्रेम टिपणारे सॉफ्टवेअर सतत चालू ठेवा. फाईली ठरावीक आकाराच्या आणि जुनी पुसून नवी लिहिणाऱ्या करा, म्हणजे डिस्क भरणार नाही. मिरर पीएलसीच्या पोर्टचा घ्या. फॉल्टच्या वेळेआधीची दोन सेकंदे उघडा आणि पडलेल्या ड्राइव्हच्या पत्त्यावर गाळणी लावा. पीएलसीच्या फ्रेम वेळेवर जात राहिल्या आणि ड्राइव्हच्याच येणे थांबले, तर दोष ड्राइव्ह, त्याची वीज किंवा त्याची केबल यांपैकी एकात आहे. दोन्ही बाजूंच्या फ्रेम वेळेवर दिसत असूनही पीएलसीने कनेक्शन सोडले, तर पीएलसीच्या कम्युनिकेशन कार्डावरचा भार आणि त्याचे फर्मवेअर तपासा. आणि पीएलसीच्या बाजूनेच फ्रेमच्या अंतराहून मोठी पोकळी दिसली, तर त्या पोकळीच्या आधी इतर कोणाच्या फ्रेमचा लोंढा आला आहे का ते पाहा. त्या फ्रेममधला पाठवणाऱ्याचा मॅक पत्ता (उपकरणाचा हार्डवेअर पत्ता) स्विचच्या तक्त्यात शोधला की तो कोणत्या पोर्टवर बसला आहे ते कळते.